कुत्रं धरा हो!

५ ऑगस्ट, सोमवार

उद्या आमच्या बेटाचा स्वातंत्र्यदिन, आणि आज यांनी आमची वाट बंद केली. मुहूर्त काय शोधलाय मेल्यांनी!

सकाळी सहा पाहुणे घेऊन निघाले होते. कॅनडाचं कुटुंब, माणसं चांगली, उन्हाने टोमॅटो झालेली. मिस हायसिंथच्या आवाराशी आलो तर समोर डोक्याहून उंच भिंत. मागच्या आठवड्यात नुसते खांब होते, मला वाटलं कोंबड्यांना बांधतायत काही. भिंतीत लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप, कुलुपावर पाटी: 'खासगी मालमत्ता. फक्त हॉटेलच्या पाहुण्यांसाठी.'

बावीस वर्षं मी या वाटेने लोकांना कोल्ड बॉटमला नेते आहे. माझी आई तिथे कपडे धुवायला जायची, तिची आई मासे आणायला. वर समुद्राचं कोमट पाणी आणि खाली खडकातून येणारा गोड्या पाण्याचा गार झरा. नाव असं विचित्र का, म्हणून पाहुणे विचारतात. मी म्हणते, पाण्यात जरा बसा, तुमचं बूडच सांगेल. अख्ख्या पोर्टलंड परगण्याच्या किनाऱ्यावर दुसरी अशी जागा नाही, आणि तिथे उतरायला ही एकच वाट. बाकी सगळा कडा.

मिस हायसिंथ तीन वर्षांपूर्वी गेली. तिच्या भाच्याने मायामीत बसल्या बसल्या जागा हॉटेल कंपनीला विकून टाकली.

आणि फाटकाशी राखणदार कोण? तर आमच्या चर्चमध्ये खर्जात गाणारा ऑझी टलक! साठीचा घोडा, बायको जाऊन सहा वर्षं झाली, आणि आता निळा गणवेश घालून उभा.

"सुप्रभात, मिस एनिड," म्हणतो.

"तुमची सुप्रभात ठेवा खिशात. फाटक उघडा."

"माझ्या हातात काही नाही हो."

"हातात किल्ली दिसते आहे की, मिस्टर ऑझी!"

त्याने हाताकडे बघितलं आणि किल्ली खिशात घातली. पाहुण्यांना परत आणून नीरफणस भाजून घातला. ती बिचारी थँक्यू थँक्यू म्हणत होती. मला रडू येत होतं, पण रागाचं.

६ ऑगस्ट, मंगळवार

झेंडावंदन झाल्यावर मी आणि शेजारची मासेवाली पर्ल थेट फाटकावर गेलो. मी नेहमीसारखी हाक दिली, "कुत्रं धरा हो!"

पर्ल म्हणाली, "अगं, इथे कुठे कुत्रं आहे?"

तशी मिस हायसिंथकडेही नव्हतंच. तिचा कुत्रा बिशप मोठ्या वादळात गेला त्याला पंधरा वर्षं झाली, आणि तिला स्वतःला तर त्याच्याही आधीपासून ऐकू येत नव्हतं. तरी आमच्या गावातलं एक माणूस हाक दिल्याशिवाय त्या आवारात शिरलं असेल तर शपथ. कुणाच्या अंगणातून मुकाट्याने जायचं म्हणजे काय? आम्ही डुकरं आहोत का?

ऑझीने फाटक उघडलं नाही. पाणी मात्र विचारलं. आम्ही नको म्हटलं.

९ ऑगस्ट, शुक्रवार

कंपनीने खरंच कुत्रा आणलाय. काळा, वासराएवढा. आमची हाक ऐकून यांना कल्पना सुचली असणार.

मी भ्यायले नाही. (भ्यायले. पण दाखवलं नाही.) ठणकावून हाक मारली, "कुत्रं धरा हो!" ऑझी आतून धावत आला, फाटक उघडलं, कुत्र्याचा पट्टा धरला आणि त्याला ओढत मागच्या शेडमध्ये बांधायला घेऊन गेला तो गेलाच! फाटक सताड उघडं. मी, पर्ल आणि दोन जर्मन पोरी खाली जाऊन मनसोक्त पोहून वर आलो, तरी याचं कुत्रं बांधणं चाललेलंच. एवढा बाप्या माणूस आणि एका कुत्र्याला बांधायला दीड तास! असले राखणदार ठेवले तर कंपनी लवकरच बुडेल, आणि बरंच होईल.

१३ ऑगस्ट, मंगळवार

आजही तेच. आज तर ऑझी माझ्यासाठी पिकलेल्या आंब्यांची पिशवी फाटकावर अडकवून विसरून गेला. म्हणजे कुणासाठी होती देव जाणे, पण चिठ्ठीवर माझं नाव होतं. विसरभोळा आहे अगदी.

१८ ऑगस्ट, रविवार

चर्चनंतर गावाची बाजू लढायला वकीलबाई आल्या. मार्शा-गे बेनेट, किंग्स्टनहून. आमच्याकडून काही घेणार नाहीत म्हणतात. वय असेल तीस, बुटांची टाच चार बोटं, आणि त्या टाचांवर आमच्या वाटेने फाटकापर्यंत चालत आल्या. पोरीत दम आहे.

त्यांनी सांगितलं ते असं. गावाने एखादी वाट वीस वर्षं, उघड उघड, कुणाला न जुमानता वापरली असेल तर तो वहिवाटीचा हक्क होतो. मग मालक कुणीही येवो, त्याला भिंत घालता येत नाही. सगळे आमेन म्हणाले.

"कागदोपत्री काही आहे का?" त्यांनी विचारलं.

इथे माझी मान ताठ झाली. अख्ख्या गावात कागद ठेवणारी मी एकटी. पर्यटन खात्याचा गाइडचा परवाना आमच्या भागात पहिला मी काढला, फोटोसकट, प्लास्टिकमध्ये. चर्चलासुद्धा गळ्यात घालून जाते. मी घरातून माझा बोर्ड आणला. बावीस वर्षं मोठ्या रस्त्याच्या वळणावर होता, कंपनीच्या लोकांनी परवा उपटून टाकला, मी उचलून आणला. निळ्यावर पांढरी अक्षरं, मी स्वतः रंगवलेली: 'कोल्ड बॉटम. मार्गदर्शक: एनिड बेकफर्ड. मिस हायसिंथ यांच्या कृपापूर्वक परवानगीने.'

वकीलबाई बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "हा बोर्ड सगळ्यांना दिसायचा?"

"येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला!"

त्यांनी अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं. अक्षर आवडलं असावं.

१९ ऑगस्ट, सोमवार

अक्षर आवडलं नव्हतं.

वकीलबाईंचा फोन आला. परवानगीने वापरलेली वाट आपली होत नाही म्हणे. मालक आज देतो, उद्या काढून घेतो. परवानगी न मागता वापरली, तरच वहिवाट.

"म्हणजे उद्धटांना रस्ता आणि सभ्यांना भिंत?" मी विचारलं.

"कायद्यात साधारण तसंच आहे, मिस एनिड."

मी फोन ठेवला आणि बोर्ड पालथा करून पलंगाखाली सरकवला. कंपनीच्या लोकांनी उपटण्याआधी त्याचे फोटो काढले असतील का? नसतील. एवढी कुठली अक्कल त्यांना?

१२ सप्टेंबर, गुरुवार

कोर्टाची पहिली तारीख. पर्लची साक्ष. वकीलबाईंनी तिला बजावून ठेवलं होतं, घडलं असेल तेच सांगा, उगाच शब्द वाढवू नका. पर्ल हॅट घालून उभी राहिली. कंपनीचा वकील गोड बोलणारा, नुसता मधात बुडवलेला.

"मिस पर्ल, तुम्ही चाळीस वर्षं दुसऱ्याच्या आवारातून गेलात. न विचारता?"

आणि पर्लला झोंबलं!

"न विचारता? छे छे! आम्हाला काय आईबापांनी वळण लावलं नाही? रोज हाक द्यायचो आम्ही. कुत्रं धरा म्हणायचो, थांबायचो, आणि मगच आत पाऊल!"

"म्हणजे परवानगी घ्यायचात."

"रीतसर!" पर्ल म्हणाली, आणि गावाकडे असं बघितलं जसं काही मेडलच मिळालं.

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. पर्लच्या मागून तिघं साक्षीला आले, तिघांनीही आपापल्या आईबापांची अब्रू राखली. शेवटी आमचा पास्टर. तो तर म्हणाला, मी हॅटसुद्धा काढायचो.

परतीच्या बसमध्ये पर्लला खूप बोलले. ती म्हणाली, "मग काय सांगायचं होतं? की आम्ही जनावरं आहोत?" नंतर आम्ही दोघी मिळून आल्याचं सरबत प्यायलो.

३ ऑक्टोबर, गुरुवार

कंपनीचा माणूस घरी आला. इस्त्रीचा शर्ट, ओट्यावर बसायच्या आधी रुमालाने पुसून घेतलं. माझा ओटा पुसतो!

फोटो आहेत त्यांच्याकडे. बोर्डाचे, बारा. आणि पर्यटन खात्यातला माझा जुना अर्जही काढलाय. त्यात एक रकाना आहे: 'जागा खासगी असल्यास मालकाची परवानगी आहे काय?' त्यापुढे माझ्याच अक्षरात 'होय'.

"पुढच्या तारखेला तुमची साक्ष आहे," तो म्हणाला. "तुम्हाला खोटं बोलायला कुणी सांगत नाही. बोर्डावर आहे तेवढंच सांगायचं. हॉटेलला मुख्य गाइड हवी आहे. तुमच्याइतका हा किनारा कुणाला माहीत आहे? गणवेश, होडी, हाताखाली चार माणसं."

"आणि परवानगी नव्हती असं सांगितलं तर?"

"मग सरकारी अर्जात खोटं लिहिलंत असं होईल. परवाना जाईल. मला वाईट वाटेल."

त्याला काही वाईट वाटणार नव्हतं. मी त्याला हाकललं, पण लगेच नाही, हे इथे लिहून ठेवते. चहा विचारला होता मी त्याला. होडीचा रंग कोणता, हेही विचारलं.

७ ऑक्टोबर, सोमवार

झोप नाही, जेवण नाही. उकडलेली कच्ची केळी समोर तशीच.

खरं काय ते निदान या वहीत तरी लिहू. बावीस वर्षांपूर्वी तो अर्ज घेऊन मी मिस हायसिंथकडे गेले होते. तेव्हा तिला मोठ्याने बोललं तर थोडं ऐकू यायचं. मी तीनदा ओरडून विचारलं, परवानगी देता का? तर म्हातारी खेकसली, "कसली परवानगी मागतेस, पोरी? तुझी आजी मला विचारून जात होती का? वाट माझ्या बापाच्या आधीची आहे. सही मागू नकोस, उद्या कुणी म्हणेल मीच तुम्हाला दिली." आणि दार लावून घेतलं.

मला केवढा राग आला होता! अपमान वाटला. एवढा नवा ड्रेस घालून गेले होते. मग घरी येऊन रकान्यात 'होय' लिहिलं आणि बोर्डावर 'कृपापूर्वक' घातलं. परवानगी म्हटलं की कसं घरंदाज दिसतं. नुसतं 'कोल्ड बॉटम' म्हणजे कुणीही सोम्यागोम्या.

म्हातारी शहाणी होती. मी मूर्ख.

पण परवाना गेला तर मी कोण? एनिड बेकफर्ड, वय अठ्ठावन्न, शाळा सहावी. ते कार्ड गळ्यात घातलं की बँकेतला माणूससुद्धा 'मॅडम' म्हणतो. बोर्डावरचं सांगितलं तर होडी मिळते. फक्त गाव जातं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

फाटकावर गेले होते. पोहायला नाही, नुसतीच. ऑझी म्हणाला, "वाळलात हो, मिस एनिड."

"तुम्हाला काय करायचंय?"

"मलाही साक्षीला बोलावलंय. कंपनीकडून. तुम्ही हाक मारता आणि मी आत सोडतो, म्हणजे परवानगी देतो, असं सांगायचंय."

"मग सांगा. नोकरी आहे तुमची."

"आहे खरी," तो म्हणाला, आणि कुत्र्याच्या कानामागे खाजवत बसला. कुत्र्याने माझा हात चाटला. यांच्या कुत्र्यालाही नोकरी नीट करता येत नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सगळं आजच लिहिणार.

आधी ऑझी. टाय लावून आला होता, दाढी इतकी घोटून केलेली की गालावर दोन ठिकाणी कापलेलं. कंपनीच्या वकिलाने विचारलं, "गावकरी फाटकावर तुमच्याकडे काय मागतात?"

"कुत्रं धरायला सांगतात, साहेब."

"आणि तुम्ही?"

"मी कुत्रं धरतो."

"म्हणजे त्यांना जायची परवानगी देता."

"नाही साहेब. कुत्रं चावू नये म्हणून धरतो. परवानगी द्यायला वाट माझी आहे का?"

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशबाईंनी दटावलं, पण त्यांच्या ओठाचा कोपरा हललेला मी पाहिला. वकिलाचा मध आटला. "तुमची नोकरी कुणाकडे आहे, माहीत आहे ना?"

"आज सकाळपर्यंत तुमच्याकडे होती," ऑझी म्हणाला.

मग माझं नाव पुकारलं. मी कार्ड गळ्यात घातलं होतं. वकिलाने बोर्डाचा मोठा केलेला फोटो समोर धरला. एवढा मोठा, की माझं एक अक्षर वाकडं आहे हे मला पहिल्यांदाच दिसलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"होय."

"खरं लिहिलंत?"

समोर पर्ल हॅट घालून बसलेली. इस्त्रीवाला शर्ट माझ्याकडे बघून मान हलवत होता, हो म्हणा, हो म्हणा. त्याची ती मान बघितली आणि माझं टाळकंच फिरलं. माझा ओटा पुसतो!

"खोटं लिहिलं," मी म्हटलं. "बोर्डावर खोटं आणि सरकारी अर्जातही खोटं. मोठेपणासाठी. परवानगी मागायला गेले होते, म्हातारीने हाकलून दिलं. म्हणाली, वाट माझ्या बापाच्या आधीची, मी कोण देणार? त्यानंतर ती जाईपर्यंत मी त्याच वाटेने रोज गेले, तिच्या नाकासमोरून, आणि तिने एकदाही अडवलं नाही."

न्यायाधीशबाई पुढे झुकल्या. "मिस बेकफर्ड, हे बोलण्याने तुमचा परवाना जाऊ शकतो, कळतंय ना?"

"कळतंय म्हणूनच दीड महिना गप्प होते."

"आणि ती हाक? कुत्रं धरा?"

"बिशप मरून पंधरा वर्षं झाली, बाईसाहेब, आणि म्हातारी ठार बहिरी. आम्ही हाक मारायचो कुणाला? मेलेल्या कुत्र्याला, की बहिऱ्या बाईला? त्याला परवानगी म्हणायचं? आमच्याकडे त्याला माणुसकी म्हणतात. ती दाखवली म्हणून वाट जात असेल, तर लिहून द्या, उद्यापासून आम्ही हाका बंद करतो आणि भिंतींवरून उड्या मारतो!"

मागून पर्लने "आमेन!" ओरडून टाकलं. तिला बाहेर काढलं.

वकील म्हणाला, मेलेल्या बाईचं बोलणं काय, कुणीही रचेल. मी कार्ड गळ्यातून काढून त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "रचायचंच असतं तर मी होडी मिळेल असं रचलं असतं."

बाहेर आले. ऑझी आपली हॅट घेऊन उभा होता. "बसस्टॉपपर्यंत येऊ का?" म्हणाला. मी म्हटलं, माझे पाय शाबूत आहेत. तरी आलाच. नोकरी गेलेला माणूस, त्याला दुसरं काम तरी काय?

२५ नोव्हेंबर, सोमवार

खात्याचं पत्र. परवाना रद्द, पाच वर्षं अर्ज करता येणार नाही. 'खुलासा असल्यास कळवावा.' मी कळवलं: खुलासा कोर्टात केला आहे, तिथून मागवून घ्या.

पत्र पेटीत टाकून आले आणि मग रडले. पुष्कळ रडले.

२४ डिसेंबर, मंगळवार

ऑझी वाटाणे-भात घेऊन आला, सोबत तो काळा कुत्रा. कंपनीने त्यालाही काढलं म्हणे, भुंकत नाही म्हणून. मी विचारलं, माझ्याकडेच का आणलात जेवण? तो म्हणाला, एकट्यासाठी शिजवता येत नाही. मग थोडं शिजवायला शिका की, मी सांगितलं. तो हसला. खुळाच आहे.

३० जानेवारी, गुरुवार

निकाल! वाट गावाची. भिंत वाटेच्या रुंदीएवढी पाडायची, फाटक नाही, कुलूप नाही, पाटी नाही. न्यायाधीशबाईंनी लिहिलंय, स्वतःचं पोट मारून कुणी खोटी साक्ष देत नाही. आणि हाक मारणं म्हणजे हक्क सोडणं नव्हे. पर्लने ते वाक्य तीनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "बघ, आईबापांची अब्रूही राहिली."

चर्चची घंटा वाजवली. पास्टरने हॅट काढली नाही, उडवली.

८ फेब्रुवारी, शनिवार

भिंतीला खिंडार पडून आठवडा झाला. सकाळी गेले. खाली हॉटेलचा नवा गाइड दहा पाहुण्यांना घेऊन उभा, गळ्यात माझ्यासारखंच कार्ड. मला पाहून म्हणाला, "काकू, तुम्हाला इथे माणसं आणता येत नाहीत आता. परवाना लागतो."

"माणसं कुठे आहेत? मी एकटीच आहे."

तेवढ्यात मागून दोन बायका आल्या, टोबॅगोच्या, बहिणी बहिणी, टॉवेल खांद्यावर. वाटेवर मी पुढे होते म्हणून माझ्या मागे मागे उतरल्या होत्या. थोरली म्हणाली, "ते पलीकडचं कुंड दिसतंय, तिथे कसं जायचं? तुम्ही दाखवता का? काय घेता?"

गाइडने हाताची घडी घातली आणि बघत राहिला. बावीस वर्षांत या प्रश्नाला मी नाही म्हटलेलं नाही. जीभ सरावलेली, शब्द दातांपर्यंत आले होते.

"मी गाइड नाही," मी म्हटलं. "मी पोहायला आलेय. डाव्या खडकावरून जाणार आहे, कारण उजवा निसरडा आहे. वाट सगळ्यांची आहे."

धाकटी गोंधळली. "मग आम्ही तुमच्या मागून आलो तर चालेल?"

"या की," मी म्हटलं. "फक्त मला विचारून येऊ नका."